वणी कापा, पक्षी ठेवा

फोटोत पक्षी ठळक दिसावा म्हणून भोवतालचं कापायचं, एवढंच क्रॉपिंगचं शास्त्र. आमच्या वणीत, कोळशाच्या गावात, हे भोवतालचंच फार. नीळकंठ बसणार विजेच्या तारेवर, कारण तिथून कपाशीतला नाकतोडा बरोबर दिसतो. मागे कोळशाचा टिप्पर, त्यावर अर्धीच ओढलेली ताडपत्री, आणि कुंपणाशी पाठमोरा उभा एक निवांत गृहस्थ.

कॅमेरा चोवीस मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० बाय ४००० ठिपके. त्यातून १२०० बाय ८०० ची चौकट कापली की पक्षी मोठा होतो आणि हाती जेमतेम एक मेगापिक्सेल उरतो. पंचविसातले चोवीस ठिपके वणीचे होते, ते गेले. महागडा कॅमेरा घेतला तो बहुधा त्यांच्यासाठीच.

त्यात नियम असा, की पक्षी जिकडे पाहतो तिकडे जागा मोकळी सोडावी. आमचा नीळकंठ नेमका टिप्परकडे पाहतो. जागा सोडली तर टिप्परचं तोंड चौकटीत येतं, नाही सोडली तर पक्षी वर्गात भिंतीकडे तोंड करून उभ्या केलेल्या पोरासारखा दिसतो. तार पुसून पाहिली. मग तो अधांतरी, नखांत हवा घट्ट धरून! शिवाय स्पर्धावाले मूळ रॉ फाइल मागतात, तेव्हा तार ठेवलेलीच बरी. धुरकटपणा घालवायची पट्टी मात्र मी बिनदिक्कत ओढतो. वणीचं आभाळ इतकं निळं होतं की वणीकरांनाच ते ओळखू येत नाही.

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सालीम अलींचा. दरम्यानच्या पक्षी सप्ताहात अशा फोटोंना प्रेक्षक मिळतात. पण खरे परीक्षक दसऱ्यालाच भेटतात. त्या दिवशी नीळकंठाचं दर्शन शुभ, म्हणून कापून-पुसून सजवलेला फोटो मोठ्या आईला दाखवला. तिने चष्मा वर-खाली केला.

"याचा गळा निळा कुठी आहे रे बाबू?"

नसतोच. गळा जांभळट तपकिरी, त्यावर पांढुरक्या रेघा. खरा निळा रंग पंखांत, आणि तो उडाल्याशिवाय नीट दिसत नाही. हे सगळं सांगून झालं.

"मंग करून दे ना थोडा निळा. तुह्या कंप्युटरात सगळं होते म्हणे."

मी तत्त्वाला धरून नकार दिला. आभाळाचा विषय काढला नाही.

फोटो घरच्या ग्रुपवर गेला. पक्षी पाहायचे तर भिगवणलाच, असं मानणाऱ्या पुण्याच्या चुलतभावाने विचारलं, "भिगवणचा का रे?" वणीचाच आहे हे पटवायला मूळ, न कापलेला फोटो टाकला. नीळकंठाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. सगळे बोटांनी फोटो मोठा करत नंबरप्लेट वाचू लागले.

"अरे, हा तं आपल्या जावयाचा टिप्पर दिसते!" मोठी आई म्हणाली. "पाखरू काप बाबू, अन् गाडी मोठी कर."