बॅचलरांना पाच स्टार, रूम मात्र नाही

करंजाडेत समीक्षकांची टंचाई कधीच नव्हती. पनवेलहून इकडे आलात, की दर इमारतीत किमान तिघे भेटतील: एक स्लॅबचा, एक पाण्याच्या टँकरचा आणि एक सिनेमाचा. पहिल्या दोघांचं एकमत असतं. तिसरा एकटा असला तरी त्याची मतं दोन असतात.

माघी गणपतीत इथल्या एका सोसायटीनं पार्किंगमध्ये पडदा बांधून 'अशी ही बनवाबनवी' दाखवला. २३ सप्टेंबर १९८८ रोजी आलेला सिनेमा. सचिन पिळगावकर यांचं दिग्दर्शन, वसंत सबनीसांचे संवाद आणि चार जोड्यांची प्रेमकहाणी. यात मतभेदाला जागा कुठे, असं वाटण्याचा काळ गेला. सिनेमा संपला, आरती उरकली आणि प्रसादाच्या द्रोणांसोबत समीक्षा वाटायला सुरुवात झाली.

पहिले बोलले ते फिल्म सोसायटीवाले गृहस्थ. त्यांना कुठलाही सिनेमा आवडण्याआधी तो कुठून उचलला हे कळावं लागतं. "हा हृषीकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान'. १९६६. निर्माते आणि संगीतकार हेमंतकुमार." माहिती शंभर टक्के खरी. पण मूळ हिंदी सिनेमा चालला नाही आणि मराठी अवतार इतकी वर्षं झाली तरी उतरायला तयार नाही, याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर घरचं माणूस गेल्यासारखं होतं. पुढे याच मसाल्यावर १९९१ साली तेलुगूत 'चित्रम् भळारे विचित्रम्' शिजला, २००९ साली हिंदीत 'पेइंग गेस्ट्स' आला. म्हणजे कथानक हिंदीतून मराठीत आलं, तेलुगूत जाऊन पुन्हा हिंदीत परतलं. इतक्या बदल्या तर तलाठ्याच्याही होत नाहीत.

दुसरं मत ए विंगमधल्या एका प्राध्यापिकाबाईंचं. अश्विनी भावे, सुप्रिया, निवेदिता जोशी आणि प्रिया अरुण या चौघींच्या वाट्याला फसवलं जाणं आणि शेवटी माफ करणं यापलीकडे काय आलं, असा त्यांचा सवाल. पुरुषानं साडी नेसली की हशा पिकतो, मग आम्ही रोज नेसतो तेव्हा कोण टाळ्या वाजवतं? या प्रश्नावर पार्किंगमध्ये जी शांतता पसरली ती सिनेमाभर पसरली नव्हती. माझ्या मते बाईंच्या म्हणण्यात निम्म्याहून जास्त तथ्य आहे. फक्त अश्विनी भावेंच्या माधुरीच्या खात्यात एक गुण वाढवायला हवा. चारही नायकांत नोकरी धड एकाची, आणि ती त्याला देणारी मालकीणबाई माधुरी.

तिसरे आजोबा. त्यांच्याकडे परीक्षण मागायचंच नसतं, ते मिळतंच. "लक्ष्या गेला, सुधीर जोशी गेले, आता काय उरलंय?" एवढं म्हणून त्यांनी पाच स्टार दिले. पाचपैकी की दहापैकी, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

चौथा नुकताच लंडनहून सुट्टीवर आलेला. त्यानं आठवण करून दिली की अनेक जोड्यांच्या प्रेमकथेवर भांडायची प्रथा तिकडेही आहे. २००३च्या 'लव्ह अ‍ॅक्च्युअली'ला रॉजर एबर्ट यांनी चारांपैकी साडेतीन स्टार दिले, तर 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या ए. ओ. स्कॉट यांना तो मारूनमुटकून गोड केलेला वाटला. तरीही दर नाताळात तो लागतो आणि दर नाताळात लोक त्यावरून भांडतात. आपल्याकडे २००७ साली 'सलाम-ए-इश्क'नं त्याच वाटेनं जाऊन पाहिलं. सहा कथा, साडेतीन तासांच्या आसपास लांबी. त्यावर भांडण झालं नाही, कारण भांडायला शेवटपर्यंत जागं राहावं लागतं.

हे सगळे विद्वान एक गोष्ट विसरले. 'बनवाबनवी' हा मुळात भाड्याच्या खोलीचा सिनेमा आहे. चौघांना आधी हवी असते जागा. लीलाबाई काळभोरांची अट एकच, जोडपं पाहिजे. म्हणून परशुरामाची पार्वती होते, सुधीरची सुधा होते, पार्वतीचं डोहाळजेवणसुद्धा होतं. प्रेमबिम डिपॉझिट भरल्यावरचं. ज्या सिनेमात नायकाला नायिकेआधी घरमालकीण पटवावी लागते, त्याला रोमँटिक कॉमेडी म्हणणं हा समीक्षकांचा मोठेपणा.

आता सेक्रेटरीसाहेबांकडे वळू. त्या रात्री सर्वांत मोठ्यानं ते हसले. लिंबू रंगाच्या साडीचा विषय निघताच खुर्चीवरून घसरले. पाच स्टार त्यांचेही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ऑफिसात एक मुलगा आला.

"काका, वन बीएचके रिकामा आहे असं एजंट म्हणाला."

"फॅमिली आहे ना?"

"चौघं आहोत."

"अरे वा! म्हणजे दोघं नवरा-बायको आणि दोन मुलं?"

"नाही काका, चारही मुलंच."

सेक्रेटरींनी भिंतीकडे बोट केलं. 'फक्त फॅमिली. बॅचलरनी चौकशी करू नये.' असा हा एकटाच नाही. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडू लागली. सामान चढवणारी, तपासणीला उभी राहणारी, प्रवाशांना कॉफी देणारी पोरं जवळ खोली शोधत करंजाडेत येतात. विमानतळ जवळ आला म्हणून फ्लॅटचा भाव वाढलेला चालतो. विमानतळावर काम करणारा शेजारी चालत नाही.

खरं तर गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला फ्लॅट भाड्यानं देताना सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवलं की पुरे. भोगवटेतर शुल्कही सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. पण उपविधी वाचण्यापेक्षा पाटी रंगवणं स्वस्त पडतं. आणि ज्या साली 'बनवाबनवी' आला, त्या साली हेच साहेब परळच्या एका गाळ्यात आठ पोरांत झोपत होते, खानावळीत जेवत होते. हे त्यांनीच मध्यंतरात मोठ्या प्रेमानं सांगितलं.

तेव्हा माझं परीक्षण असं. घरमालकांनी दिलेले पाच स्टार बाद. या सिनेमाला स्टार देण्याचा अधिकार फक्त भाडेकरूंचा, तोही अकरा महिन्यांचा करार संपेपर्यंत.

आणि वाचकांना एक विनंती. वरील चार मुलांना करंजाडेत किंवा आसपास वन बीएचके अजून हवा आहे. पोलीस पडताळणीची तयारी आहे, डिपॉझिट तयार आहे, रात्रपाळी असल्यानं आवाज होणार नाही. कोणाकडे असल्यास जरूर कळवावं. साडी नेसायला मात्र चौघांचाही नकार आहे.