माशीवाले अप्पा

गळ टाकणाऱ्या माणसांच्या दोन जाती. एक मासा धरून खाते. दुसरी मासा धरून सोडून देते आणि त्याबद्दल आयुष्यभर बोलते. आमचे अप्पा या दुसऱ्या जातीतले आणि तिच्यातल्या सर्वांत कडव्या पोटजातीचे: फ्लाय फिशिंगवाले. त्यांना गांडूळ चालत नाही, पिठाचा गोळा चालत नाही. पिसं, केस आणि दोरा यांची खोटी माशी आकड्याला बांधायची, ती पाण्यावर अलगद ठेवायची आणि माशाला ती खरी वाटेल या आशेवर दिवस काढायचा. अप्पा पुण्याचे. नोकरीत त्यांनी माश्या मारल्या असं त्यांचे जुने सहकारी सांगतात. निवृत्त झाल्यावर ते माश्या बांधायला लागले.

हे काम जेवणाच्या टेबलावर चालतं. टेबलाच्या कडेला एक चिमटा घट्ट बसवलेला आहे. त्यात नखाएवढा आकडा पकडायचा, त्यावर मेण लावलेला दोरा गुंडाळायचा, मग कोंबड्याच्या मानेचं एक निमुळतं पीस घेऊन त्याचे वेढे द्यायचे. वेढा बसला की पिसाचे तंतू चहूबाजूंनी ताठ उभे राहतात आणि त्या तंतूंच्या टोकांवर माशी पाण्यात न बुडता उभी राहते. शेपटीसाठी केस लागतात. शेजाऱ्यांचा कुत्रा अप्पांना पाहून जिन्याखाली का पळतो, हे शेजाऱ्यांना अजून उमगलेलं नाही. अप्पांची बायको, म्हणजे माझी मामी, म्हणते, "आमच्या आमटीत केस निघाला तर कुणाचा, हे विचारायची सोय नाही."

अप्पांचं खरं दुखणं मात्र ट्राउट. काश्मिरात पहलगामला लिद्दर नदीत त्यांनी एक ट्राउट धरला होता. फोटोत अप्पांचा हात फार स्पष्ट आला आहे. तेव्हापासून जेवायला बसलं की पहिल्या घासाला इतिहास सुरू होतो: विलायतेहून अंड्यांची पहिली खेप निघाली ती वाटेतच मेली, मग 1900 साली दुसरी काश्मिरात पोचली आणि जगली. पुढे निलगिरीत ट्राउट आला, मुन्नारच्या डोंगरात आला. "आणि सह्याद्रीनं काय घोडं मारलं होतं?" हा प्रश्न ते ताक वाढणाऱ्यालाही विचारतात. ट्राउटला थंड पाणी लागतं, वीस अंशांच्या वर गेलं की त्याचा जीव कासावीस होतो, हे त्यांना ठाऊक आहे. तरीही महाराष्ट्रावर झालेल्या अन्यायांच्या यादीत त्यांनी हा एक आपल्या हातानं लिहिला आहे.

कुणीतरी त्यांच्या कानात घातलं की कर्नाटकात कॅसलरॉककडून येणारी पांढरी नदी हिवाळ्यात बर्फासारखी गार असते. झालं. अप्पा माझे मामा, त्यामुळे गाडी चालवायचं माझ्याकडे आलं. लोंढा, रामनगर आणि पुढे जोयडा तालुक्याच्या त्या रस्त्याला लागलो, जिथं मोबाईल आधी मरतो आणि मग माणसाचा आवाज खाली येतो. अप्पांचा नाही आला. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत गळ काढायचा प्रश्नच नव्हता; काळी नदीवरच्या सुपा धरणाच्या फुगवट्याच्या एका शेपटाशी, हद्दीबाहेर, त्यांनी परवानगीचा कागद मिळवला होता आणि तो प्लॅस्टिकमध्ये घालून गळ्यात लटकवला होता. अंगात सतरा खिशांचं जाकीट, पायात छातीपर्यंत येणारी रबरी विजार. काठावर चरणाऱ्या म्हशींनी मान वर करून पाहिलं आणि शांतपणे जागा बदलली.

आधी थर्मामीटर पाण्यात गेला. 22 निघाले. "बिघडलाय," अप्पा म्हणाले आणि तो चौदाव्या खिशात गेला.

मग काठी. फ्लाय फिशिंगमध्ये आकड्याला वजन नसतं, वजन दोरीला असतं. ती दोरी हवेत मागेपुढे खेळवत लांब फेकायची असते. काठी घड्याळातल्या दहा आणि दोन या आकड्यांच्या मधेच फिरली पाहिजे, हा नियम. अप्पांच्या कचेरीतही काम दहा ते दोनच चालायचं, तेव्हा त्यांना हे जड जाऊ नये. पण दोरी मागं जाते तेव्हा मागं काय आहे, हे नियमात नाही. मागं करवंदीची जाळी होती आणि जाळीपलीकडून आवाज आला:

"अहो, टोपीला काय मासा समजलात काय?"

जाळीतून एक गृहस्थ बाहेर आले. टोपीवर अप्पांची माशी, अंगात जाकीट, पायात तीच रबरी विजार. हातात काठी आणि गळ्यात प्लॅस्टिकमधला कागद. दोघंही एकमेकांकडे असे पाहत राहिले की मला वाटलं, आता एक जण पाण्यात उतरणार. अख्ख्या जोयड्यात आपण एकटेच माशीवाले, असं दोघांनीही घरी सांगितलं असणार.

या लोकांत नाव-गाव विचारायची पद्धत नाही. आधी समोरच्याची काठी पाहायची, मग रीळ, मग बूट. काठीवर एक आकडा छापलेला असतो. आकडा लहान तितकी काठी नाजूक.

"पाच?" समोरच्यांनी विचारलं.

"पाच," अप्पा म्हणाले. "तुमची?"

"आठ."

"आठ!" अप्पांनी मान हलवली. "ट्राउटला आठ?"

"ट्राउट?" त्या गृहस्थांनी टोपीवरची माशी हळूच सोडवून हातात घेतली, उजेडात धरून पाहिली. "इथं ट्राउट कुठला हो आणला तुम्ही? मी महसीरचा माणूस." महसीर म्हणजे आपल्याच नद्यांतला मोठा मासा. ते बेळगावचे निघाले, डॉक्टर. "बांधलीय मात्र छान बगा. पण ही तरंगणारी. आम्ही बुडणारी वापरतो."

इथं मी जेवणाचा डबा उघडायला हवा होता. कारण यापुढं जे सुरू झालं ते शैव-वैष्णवांचं होतं. माशी पाण्यावर तरंगलीच पाहिजे असं मानणारा एक पंथ, आणि मासा खातो बरंचसं पाण्याखाली, तेव्हा माशीही खाली गेली पाहिजे असं म्हणणारा दुसरा. इंग्लंडात हा वाद इतका पेटला की 1938 साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर चर्चा ठेवावी लागली. बुडत्या माशीचे म्होरके स्क्यूज नावाचे वकील होते, ऐंशीला टेकलेले. त्या सभेत ते जवळजवळ एकटे पडले. अप्पा हे सगळं अशा थाटात सांगत होते, जणू स्क्यूजना एकटं पाडताना ते स्वतः तिथं बसले होते.

"स्क्यूज बरोबर होते," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

मग महसीरची बाजू मांडायला डॉक्टरांनी हेन्री सलिव्हन थॉमस काढला. दक्षिण कानड्यात अंमलदारी करणारा हा इंग्रज, 1873 साली भारतातल्या गळावर त्यानं पुस्तक लिहिलं, आणि त्यात महसीरला मोठा मान दिला. "आपल्या कानड्यातलाच की," डॉक्टर म्हणाले. अप्पांनी ताबडतोब दुरुस्ती केली: तो दक्षिण कानडा, मद्रासकडचा, हा उत्तर कानडा, 1862 पासून मुंबई इलाख्यात, म्हणजे एका अर्थी आपलाच. बेळगावच्या माणसापुढे सीमेची गोष्ट काढायला छाती लागते. डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त काठीचा सांधा एकदा घट्ट केला.

अप्पांनी हुकमाचं पान राखून ठेवलं होतं. या काळीतल्या महसीरचं शास्त्रीय नाव काय? तोर खुद्री. त्याचं वर्णन प्रथम कुणी केलं? कर्नल साइक्स यांनी, 1839 साली. आणि मासा कुठला होता? मुळा-मुठेचा, पुण्याजवळचा! "म्हणजे डॉक्टर, तुमचा महसीर कागदोपत्री पुणेकर आहे."

मी डॉक्टरांकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं. पण बेळगावचा माणूस चिडला की आवाज खाली आणतो.

"खरं आहे," ते म्हणाले. "आणि लोणावळ्याला वळवणच्या तलावाशी टाटांनी त्याचीच पिल्लं वाढवली, तीही आम्ही मानतो. ती पिल्लं देशभर गेली. कावेरीतही सोडली. आता कावेरीत काय झालंय, ठाऊक आहे? तिथला मूळचा कुबडवाला महसीर, जगात दुसरीकडे कुठंही नाही असा, तो आता नामशेष व्हायच्या वाटेवर आहे. आणि जागा कुणी घेतली? पुणेकरांनी."

अप्पा गप्प झाले. हे इतकं दुर्मिळ दृश्य होतं की मी ते मामीसाठी मोबाईलवर घेतलं. नंतर कळलं की डॉक्टर सांगत होते ते शास्त्रज्ञांनीही नोंदवलेलं आहे. बाहेरून आणून सोडलेली खुद्री कावेरीत पसरली आणि कुबडवाला महसीर 2018 साली अतिसंकटग्रस्त यादीत गेला. काळीत ट्राउट सोडावा असं एक निवेदन अप्पांनी लिहून ठेवलं होतं; त्यानंतर ते त्यांनी कुणाला दाखवलेलं नाही.

"साहेब, जरा हळू बोला की. मासं ऐकत्यात."

खडकाच्या आडोशाला एक म्हातारा बांबूची गरी टाकून बसला होता. आम्ही यायच्या आधीपासून. या दोन पंडितांनी वीस पावलांवरचा तिसरा माणूस पाहिलाच नव्हता. म्हाताऱ्यानं पानाच्या पुड्यातली उकडलेली कणगी आमच्यापुढे केली. जोयड्याची माणसं कंदांबाबत उदार असतात आणि चोखंदळही. कणगी कुठल्या मातीतली चांगली, हे ते मासा सोडून सांगतील. आम्ही मीठ लावून खाल्ली. अप्पांनी म्हाताऱ्याची काठी पाहिली. डॉक्टरांनीही पाहिली. आकडा कुठं नव्हता.

"काही लागलं का, बाबा?" डॉक्टरांनी विचारलं.

"आज न्हाई." मग थोडं थांबून, अपेक्षेप्रमाणे, "पन एकदा लागला होता."

सुपा. काळी आणि पांढरी जिथं मिळत, तिथं वसलेलं जुनं गाव, तालुक्याचं ठिकाण. तिथल्या संगमाखालच्या डोहात या गृहस्थाला तरुणपणी एक महसीर लागला. हात पसरून माप दाखवायला त्यानं कणगी खाली ठेवली. अर्धा दिवस झोंबाझोंबी, शेवटी दोर तुटला, मासा डोहात गेला. कुठं गेला, तो खडकही ठाऊक होता. पुन्हा जाऊन धरायचाच होता, पण मग धरण आलं. 1987 साली ते पुरं झालं, 101 मीटर उंच. सुपा गेलं, बाजार गेला, डोह गेला. गावातली पुष्कळ माणसं रामनगरला येऊन वसली, हाही त्यातलाच. "तो अजून तिथंच आसंल," म्हातारा म्हणाला. "म्या सोडल्यापासून कुनी धरला न्हाई त्याला."

अप्पा आणि डॉक्टर दोघांनीही पाण्याकडे पाहिलं. मी त्यांचे चेहरे वाचले आणि त्यावर निखळ हेवा होता. अप्पांच्या ट्राउटचा फोटो आहे, त्यामुळे त्याला मर्यादा आहे. डॉक्टरांचा मोठा महसीर दांडेलीच्या खाली कुठंतरी निसटला, ती जागा अजून कुणीही जाऊन पाहू शकतो. पण या म्हाताऱ्याच्या माशाची जागाच सरकारनं पाण्याखाली घालून सील केली होती. सुटलेल्या माशाला इतका भक्कम पुरावा दुसऱ्या कुठल्या गळवाल्याला मिळालेला नाही. आणि त्यात गावही गेलं होतं, त्यामुळे शंका काढायची कुणाची हिंमतही नव्हती.

"बाबा, तो डोह नेमका कुठल्या बाजूला?" अप्पांनी अखेर विचारलं. त्यांनी थर्मामीटर पुन्हा काढला होता.

त्या दिवशी कुणालाही काही लागलं नाही. तिघंही संध्याकाळपर्यंत बोलत होते. अप्पा आणि डॉक्टर आता दर रविवारी फोनवर असतात. तरंगती की बुडती, याचा निकाल अजून लागलेला नाही, पण दोघांनी मिळून पुढच्या हिवाळ्यासाठी सुप्याच्या जुन्या नकाशाची प्रत मिळवण्याचा घाट घातला आहे.

तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर एवढंच सांगतो. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत गळ काढू नका, बाहेर टाकायचा तर परवानगी घ्या. आणि पाण्याकाठी रबरी विजारीतली दोन माणसं दिसली, तर "काही लागलं का?" असं मुळीच विचारू नका. विचारलंच, तर परतीची शेवटची बस चुकली असं समजा.