चोराच्या मिशीत चांदणं

न्यू जर्सीत कोजागिरीला चंद्र दिसेलच असं नसतं. त्या वर्षी आमच्याकडे सहा कुटुंबं यायची होती आणि आकाश ढगाळ राहणार, असा अंदाज होता. मी म्हटलं, चंद्र नाही तर नाही, उजेडाची सोय आपण करू. आणि पेट शॉपमधून सहा चमकणारे मासे घेऊन आलो. तीन हिरवे, तीन लाल.

आई तेव्हा रत्नागिरीहून आलेली होती. चष्मा पुसून तिने टाकीत पाहिलं.

"अरे, एवढेसे? तळायलासुद्धा पुरायचे नाहीत."

"आई, हे बघायचे आहेत."

"बघतेच आहे. पण खाल्ले तर पोट चमकेल का रे?"

मी हसलो, पण प्रश्न सरकारदरबारीही येऊन गेलेला. हे मासे अमेरिकेत विकायला यायचे होते तेव्हा, डिसेंबर २००३ मध्ये, इथल्या एफडीएने सांगितलं, की शोभेचे मासे खाण्यासाठी नसतात, त्यामुळे अन्नाला धोका नाही. आणि साध्या माशांपेक्षा हे पर्यावरणाला जास्त घातक असल्याचा पुरावाही नाही. शोभेचे मासे खाण्यासाठी नसतात, हे लिहिणाऱ्याने आमची आई पाहिली नव्हती.

माझा एक दुर्गुण आहे. घरात मिक्सर आला तरी पाहुण्यांना त्याच्या मोटरची जन्मकथा ऐकवल्याशिवाय मी चटणी वाटू देत नाही. मासे तर सजीव. दोन रात्री जागून मी व्याख्यान तयार केलं. कोजागिरीला मंडळी भेळ घेऊन बसली आणि मी टाकीशेजारी उभा राहिलो.

"मंडळी, हा झेब्राफिश आपल्याकडचाच. १८२२ मध्ये फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात याचं वर्णन केलं. १९९९ मध्ये सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात झियुआन गाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच्यात जेलीफिशचं एक जनुक घातलं. पाण्यात विषारी द्रव्य असेल तर माशाने चमकून सांगावं, हा हेतू. पुढे लाल रंगासाठी प्रवाळाचं जनुक आलं, आणि टेक्सासच्या एका कंपनीने या पहारेकऱ्याला ग्लोफिश म्हणून दिवाणखान्यात आणून बसवलं."

"म्हणजे आपल्यासारखाच," एक काका म्हणाले. "जन्म तिकडचा, सिंगापुरात ट्रेनिंग, नोकरी अमेरिकेत."

"पण रंग टोचलेला असणार," त्यांच्या सौ. म्हणाल्या. "बिचारे!"

"छे! सुईने रंग टोचतात तो काचमासा. त्याचा रंग काही महिन्यांत उडतो आणि माशाला जखमेचा त्रास होतो तो वेगळाच. इथे जनुक अंड्यातच घातलेलं. पिल्लं जन्मतःच रंगीत."

"आणि तळ्यात सुटले तर?"

याही प्रश्नाची तयारी होती. पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी लाल आणि साधे झेब्राफिश एकत्र ठेवून पंधरा पिढ्या पाहिल्या; निष्कर्ष २०१५ मध्ये आले. माद्यांना लाल नर जास्त आवडत. पण साधे नर इतके दांडगट, की ते लाल नरांना जवळ फिरकूच देत नसत. शेवटी एक गट सोडता बाकी सगळ्या गटांतून लाल रंग नाहीसा झाला.

"आमच्या होस्टेलवर हेच व्हायचं," काका खिन्नपणे म्हणाले.

"आता प्रत्यक्ष बघा," मी म्हणालो. दिवे घालवले, पडदे ओढले आणि टाकीवरचा निळा दिवाही बंद केला.

मिट्ट काळोख.

मंडळींनी आदराने दहा सेकंद वाट पाहिली. मग कुणाचा तरी पाय भेळेच्या ताटात पडला.

"लोडशेडिंग आहे का रे?" आईने विचारलं.

"बाबा," काळोखातून आठवीतल्या लेकीचा शांत आवाज आला, "तो काजवा नाहीये. काजवा स्वतःचा उजेड स्वतः तयार करतो. या माशातलं प्रथिन फक्त बाहेरून आलेला निळा उजेड घेतं, थोडी दलाली कापतं आणि उरलेला हिरवा करून परत देतं. भांडवलच बंद केलंस तर तो देणार काय?"

दोन रात्री जागून मी इतिहास, कायदा आणि माशांची लग्नं वाचली. मासा चमकतो कसा, तेवढंच पान उलटायचं राहिलं होतं.

लेकीने शाळेच्या प्रोजेक्टचा यूव्ही टॉर्च आणला. टाकीवर झोत पडला आणि तिन्ही हिरवे मासे पाचूसारखे पेटले. टाळ्या पडल्या. अब्रू वाचली, असं वाटून मी कृतज्ञतेने लेकीकडे वळलो. तिनेही कौतुकाने झोत माझ्याकडे वळवला.

हशा पिकला.

माझा पांढरा कुडता निळसर झगझगत होता. ती डिटर्जंटची करामत. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून त्यात असले पदार्थ घालतातच. पण लोक हसत होते ते वर, नाकाखाली बघून. माझ्या अर्ध्या पिकलेल्या मिशीत एक हिरवट पिवळी रेघ लखलखत होती आणि तिचा एक ओघळ हनुवटीपर्यंत उतरला होता.

"हळद," लेकीने निदान केलं. "कर्क्युमिनही यूव्हीत चमकतं."

हळद घरात एकाच ठिकाणी होती. केशराने रंग येईना म्हणून आईने मसाला दुधात चिमूटभर टाकलेली. आणि ते पातेलं चंद्राला नैवेद्य दाखवायचा म्हणून स्वयंपाकघरात झाकून ठेवलेलं.

"साखर बघायला घेतलं होतं," मी म्हणालो.

"किती वाट्या बघितलीस?" बायकोने विचारलं. तिला नैवेद्यापेक्षा माझ्या शुगरच्या रिपोर्टची चिंता.

लेकीने टॉर्च ओट्यावर फिरवला. तीन वाट्या चमकल्या.

आई मात्र टाकीकडेच बघत होती. "कशाला रे माशांवर पैसे घातलेस," ती हळहळली. "हळद होती की घरात."