जिभाऊंच्या पिकअपला पावर

नंदुरबार जिल्ह्यात जुना ड्रायव्हर ओळखायचा असेल तर त्याचे अंगठे बघावेत. नवशिका स्टेअरिंग मुठीत धरतो, त्याचे अंगठे चाकाच्या आत जातात. जुन्या माणसाचे अंगठे बाहेर, कडेवर आडवे पडलेले असतात. चांदसैली घाटात किंवा मोलगीकडच्या रस्त्याला पुढचं चाक दगडावर आपटलं की जुन्या जीपचं स्टेअरिंग असा हिसका देऊन उलटं फिरतं, की आत राहिलेला अंगठा कामातून गेलाच म्हणून समजा. त्यामुळे आमच्याकडे क्लच-गिअरच्या आधी अंगठ्याचा धडा होतो. आमचे जिभाऊ (खान्देशात वडीलधाऱ्याला एकदा जिभाऊ म्हटलं की पुढे नाव-आडनाव लागत नाही) जेवताना ताटसुद्धा अंगठे कडेवर ठेवूनच पुढे ओढतात.

तळोदा तालुक्यात त्यांची पपई आणि केळी. दाराशी जीपच्या तोंडाची जुनी महिंद्रा पिकअप. नंबर एमएच 18, म्हणजे धुळ्याचा. 1 जुलै 1998 ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला, नव्या गाड्यांना एमएच 39 मिळू लागला, ही मात्र धुळेकरच राहिली. कुणी विचारलं तर जिभाऊ म्हणतात, "आम्हीन गाव सोडं नही, जिल्हाच आम्हले सोडीसन गया." शेतातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पपई रस्त्यापर्यंत आणणं, धडगावच्या बाजाराला कांदे-बटाटे पोचवणं, उन्हाळ्यात येताना तिकडचा आमचूर आणणं, हा तिचा संसार. लाल मिरचीच्या हंगामात ती नंदुरबारच्या पथारीवर जाऊन आली की पुढे आठवडाभर तिच्यात बसणारा शिंकतो.

तिचं स्टेअरिंग जड होतं. केवढं जड, ते सांगून कळणार नाही. त्यातही रिकामी गाडी जास्त जड. माल मागच्या चाकांच्याही मागे लोंबेपर्यंत भरला, आणि इकडे तो तसाच भरतात, की पुढचं तोंड उचललं जातं आणि चाक हलकं फिरतं. हे धोक्याचं आहे. पण "गाडी भरली म्हणजे कशी फुलासारखी चालते" असं कौतुकाने सांगणारी माणसं मी पाहिली आहेत.

जिभाऊंना या जडपणाचा अभिमान होता. गाडी उभी असताना स्टेअरिंग फिरवायचं नाही, आधी तिला हातभर तरी हलू द्यायचं, मग वळवायचं, हा त्यांचा नियम. मुलगा उभ्या गाडीचं चाक ओढू लागला की ते ओसरीवरून ओरडत. गावात दुसऱ्या कुणाला ती गाडी नीट वळवता येत नसे. त्यामुळे ती कुणी मागायलाही येत नसे, हा फायदा वेगळा.

मग खांदा आखडला. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला आणि खांद्याला व्यायाम द्यायला सांगितलं. जिभाऊंचं म्हणणं, या दोन्ही गोष्टी एकदम कशा जमतील, गाडी हाच तर व्यायाम! पुढे धडगावहून येताना एका वळणावर त्यांनी डाव्या हाताने चाक ओढलं आणि उजव्या हाताने खांदा धरला, तेव्हा शेजारी बसलेल्या मुलाने त्याच संध्याकाळी मिस्त्रीला फोन केला. "पावर बसवा." जिभाऊ म्हणाले, "कसाले? मना हात शेतस ना आजून!" पण ट्रॅक्टरला पावर स्टेअरिंग आहे आणि ते तुम्हाला चालतं, या मुद्द्यावर ते गप्प झाले.

पावर स्टेअरिंग ही काही कालची गोष्ट नाही. अमेरिकेत पिअर्स-अ‍ॅरो कंपनीच्या ट्रक विभागात काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस या इंजिनिअरने 1926 मध्येच ते चालवून दाखवलं होतं. मोटारवाल्यांना ते महाग वाटलं. दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्यांना त्याची गरज पडली, आणि साध्या गिऱ्हाइकाच्या मोटारीत ते आलं 1951 साली, क्रायस्लरच्या इंपीरियलमध्ये. तोवर डेव्हिसच्या मूळ पेटंटांची मुदत उलटून गेली होती. तिथून तळोद्याला यायला त्याने वेळ घेतला खरा, पण चांदसैलीत दरड कोसळली की आमची एसटीही वेळ घेतेच.

मिस्त्री शहाणा माणूस. त्याने पहिल्या दिवशी पावरचं नावही काढलं नाही. पुढची चाकं जॅकवर उचलली, एक चाक वर-खाली धरून हलवलं आणि म्हणाला, "आधी किंगपिन, टायरॉडचे जॉइंट. पावर बसवली म्हणून प्ले जात नाही, जिभाऊ. तो नुसता लपतो." या एका वाक्यासाठी मी त्याला दोन चहा पाजले. अशी कामं करणारे पुष्कळ जण झिजलेल्या सांध्यांवर पावर स्टेअरिंगची नवी पेटी चढवतात आणि गाडी सरळ रस्त्यावर पोहायला लागली की रस्त्याला नावं ठेवतात.

पेटी आली ती मोडीत निघालेल्या बोलेरोची. या बाबतीत जुन्या जीपवाल्यांवर बोलेरोचे फार उपकार आहेत. पण ती जशीच्या तशी बसत नाही. चेसिसवरची जागा वेगळी, म्हणून जाड पत्र्याचा ब्रॅकेट कापून घेतला. चेसिसला वेल्डिंग करायला मिस्त्री तयार नव्हता, "भोकं पाडू, नट-बोल्टने कसू" म्हणाला. पिटमन आर्मचे दाते जुळेनात, तो आर्मही बोलेरोचाच शोधावा लागला. स्टेअरिंगचा शाफ्ट कापून मध्ये क्रॉस घातला, कारण नव्या पेटीचं तोंड वेगळ्या कोनात येतं. इंजिनाच्या पुलीला आणखी एक खाच हवी, त्यासाठी पुली लेथवर गेली. पंप, दोन होज पाईप, तेलाची छोटी टाकी. लेथवाल्याकडे लग्नसराईसारखी गर्दी होती, त्यामुळे एवढ्यासाठी गाडी बरेच दिवस गॅरेजमध्ये पडून राहिली आणि घरचे सगळे बसने हिंडले.

शेवटचं काम बघण्यासारखं होतं. पंपात तेल ओतलं, ते लाल असतं, सरबताच्या रंगाचं. पाईपांमध्ये हवा अडकलेली असते, ती काढायला चाकं अधांतरी ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं. मिस्त्री टाकीत बॅटरीचा उजेड टाकून वाकलेला, मुलगा चाक फिरवतोय, आणि टाकीत गुलाबी फेस वर येतोय. पंप कण्हल्यासारखा आवाज करत होता. हळूहळू फेस कमी झाला, बुडबुडे थांबले, तेल पुन्हा लाल, स्वच्छ दिसायला लागलं आणि कण्हणं बंद झालं. "व्हई गयं," मिस्त्री म्हणाला आणि हात पुसले.

या पेटीच्या आत एक बारीक पोलादी दांडी असते. आपण चाक फिरवलं की ती किंचित पिळली जाते, तेवढ्या पिळाने झडप उघडते आणि तेलाचा दाब त्या बाजूला मदतीला धावतो. म्हणजे माणसाने नुसती इच्छा दाखवायची, ढकलायचं काम तेलाचं. जिभाऊंना हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या सोसायटीच्या चेअरमनचं असंच आहे."

पहिल्या दिवशी ते गाडीत बसले आणि सवयीने दोन्ही हातांनी जोर लावून चाक ओढलं. पिकअप थेट केळीच्या बुंध्यांत जाता जाता राहिली. पुढे बरेच दिवस त्यांची तक्रार चालली. चाक काहीच सांगत नाही म्हणत. पूर्वी पुढच्या टायरची हवा उतरू लागली की हाताला आधी कळायचं. आता खाली उतरून बघावं लागतं. ओला रस्ता, सैल खडी, चाकाच्या खाली आलेला दगड, सगळ्याची खबर यायची, आता येत नाही. यात तथ्य आहे आणि मी वाद घातला नाही. पण रोज चाळीस पोत्यांचं ओझं अंगावर घेऊन मिळणारी बातमी जरा महागच पडत होती, असं माझं मत आहे.

आता सून पिकअप चालवते. तिला कधी कुणी चालवू नको म्हटलं नव्हतं, स्टेअरिंगच परस्पर म्हणत होतं. सकाळी पपईचे क्रेट भरून ती शहाद्याकडे जाते आणि वळणावर एका हाताने चाक फिरवते, जिभाऊ ओसरीवरून बघतात आणि फक्त एवढंच म्हणतात, "अंगठा बाहेर ठेवजो." हिसके आता तेल पिऊन टाकतं, अंगठ्याला धोका उरलेला नाही. पण सांगायला काहीतरी हवं.

एक सवय मात्र पक्की मोडावी लागली. सातपुड्यातल्या घाटांत डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडून देणारे थोडे नाहीत, जिभाऊ त्यांच्यातलेच. जुन्या स्टेअरिंगला इंजिन चालू काय, बंद काय, फरक पडत नव्हता. पावरचा पंप मात्र इंजिनच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि मग ते चाक पहिल्यापेक्षाही जड होतं, कारण पेटीत अडलेलं तेलही आपल्यालाच ढकलावं लागतं. ब्रेकला बूस्टर असेल तर तोही दोन-चार दाबांत संपतो. मिस्त्रीने सपाट मैदानात इंजिन बंद करून हे जिभाऊंना करून दाखवलं, घाटात दाखवायची गरज पडली नाही.

तेव्हा आपल्या जुन्या गाडीला पावर बसवायचा विचार असेल तर खुशाल बसवा. आधी सांधे बदला, चेसिसला वेल्डिंग करू देऊ नका, आणि गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाची बंधनं आहेत म्हणून पासिंगच्या आधी आरटीओत विचारून घ्या. पंपाचा एक जादा पट्टा सीटखाली असू द्या. आणि घाट उतरताना चावी बंद करू नका. वाचलेल्या डिझेलमध्ये तो घाट परत चढता येत नाही.