काटा हलता कामा नये

जुनी गाडी विकणाऱ्याइतका भला माणूस मुंबईत शोधून सापडायचा नाही. त्याच्याकडची गाडी हमखास डॉक्टरांची असते, एकहाती असते, आणि डॉक्टरसाहेब ती फक्त रविवारी, तेही शिवाजी पार्कला एक चक्कर मारायला बाहेर काढत. परळपासून गिरगावपर्यंत डॉक्टरांच्या म्हणून आजवर जेवढ्या गाड्या खपल्या, तेवढे डॉक्टर केईएम, वाडिया आणि टाटा मिळून निघायचे नाहीत. इंजिन डिझेलने धुऊन लख्ख केलेलं असतं, बॅटरीच्या टर्मिनलला ताजं ग्रीस असतं, डॅशबोर्डवरच्या गणपतीला सकाळचंच फूल असतं. गिऱ्हाईक भीतभीत विचारतं, ‘गरम होते का हो?’ भला माणूस तोंडाने काही बोलत नाही. तो फक्त बोट दाखवतो. काटा बरोब्बर मध्यावर उभा असतो.

या काट्याची थोरवी अजून कोणी गायलेली नाही. ती उणीव आज भरून काढू.

एके काळी हा काटा खरं बोलायचा. चढ लागला की चढायचा, गाडी पळायला लागली की उतरायचा, सिग्नलला रेंगाळली की पुन्हा वर सरकायचा. मालक मंडळी हादरून गॅरेज गाठायची: अहो, काटा हलतोय! गाडीला काहीही झालेलं नसायचं. रेडिएटरमधलं पाणी थोडंफार वरखाली तापणं हा धडधाकट इंजिनाचा रोजचा धर्म. पण गिऱ्हाइकाची झोप उडते म्हटल्यावर मोटार कंपन्यांनी काट्यालाच शिस्त लावली. पाणी साधारण पंचाहत्तर अंशांवर असो की शंभरावर, बाबा रे, तू मध्यावरून ढळायचं नाहीस. आणि ढळलासच तर मग थेट लालात जायचं. पुढे कित्येक छोट्या गाड्यांतून काटाच काढून टाकला. आता गाडी थंड असेल तर निळा दिवा लागतो आणि कारभार आटोपला की लाल. मधल्या काळात काय चाललंय ते मालकाला कळवण्याची गरज कोणाला वाटत नाही. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात उभं राहून ‘आधी का नाही सांगितलंत?’ म्हणून पालिकेच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनी हा दिवा एकदा नीट पाहून घ्यावा.

आपली पद्मिनी या बाबतीत अगदीच अडाणी होती. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली, मूळची इटलीची फियाट ११००. इंजिन १०८९ सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, आणि जे पोटात ते ओठात. मे महिन्याच्या दुपारी ताडदेवहून निघून लालबागपर्यंत बंपरला बंपर लावून आली की भर चौकात दोन आचके देऊन बसायची. तिचा पेट्रोल पंप इंजिनाच्याच अंगाला बोल्टने आवळलेला. इंजिन तापलं की पंपातल्या पंपात पेट्रोलची वाफ व्हायची, पंप बिचारा वाफच ओढत राहायचा आणि कार्ब्युरेटर कोरडा पडायचा. पुस्तकात याला व्हेपर लॉक म्हणतात. टॅक्सीवाला ‘गाडीने एअर घेतला’ एवढंच म्हणायचा आणि खाली उतरायचा.

पुढचं सगळं ठरलेलं. बॉनेट वर, दांडी खोबणीत. सीटखालून काळंकुट्ट फडकं निघायचं, म्हणजे पूर्वाश्रमीचा त्याचाच बनियन. तो ते बिसलरीच्या जुन्या बाटलीतल्या पाण्याने भिजवून, न पिळता, पंपाभोवती गुंडाळायचा. चर्र आवाज व्हायचा, पाण्याचे थेंब इंजिनावर ओघळून जागच्या जागी नाहीसे व्हायचे. मग तो फुटपाथच्या कठड्यावर बसून विडी पेटवायचा, आणि विडी संपायला व पेट्रोल पुन्हा पातळ व्हायला एकच गाठ पडायची. उतारू मागच्या सीटवर मीटरकडे बघत बसायचा. एका फडक्यात आणि एका विडीत जे बरं होतं त्याला हल्ली लॅपटॉप जोडावा लागतो, आणि लॅपटॉप लावायचेच पैसे वेगळे पडतात.

असल्या स्पष्टवक्त्या बाईचं सरकारदरबारी फार काळ जमणं शक्यच नव्हतं. टॅक्सीला वयाची वीस वर्षांची मर्यादा आली. ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या त्याच तारखेला वीस वर्षांची झाली आणि दुसऱ्या दिवसापासून टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. त्या आठवड्यात काय ती हळहळ! ज्यांनी उभी हयात तिच्या मागे हॉर्न वाजवण्यात घालवली, त्यांनीच तिचे फोटो स्टेटसला ठेवले. चार दिवस आधी ती लालबागला बंद पडली असती तर हेच लोक तिच्या आईवर गेले असते.

पद्मिनी गेली, पण तापणं कुठे गेलं? ते आता पंधरा वर्षांच्या, डॉक्टरांच्या, एकहाती छोट्या गाडीत वस्तीला आलंय. ती गाडी घेऊन माणूस लालबागच्या पुलाजवळच्या एखाद्या गल्लीत मिस्त्रीकडे जातो. मिस्त्री बॉनेटमध्ये डोकंही घालत नाही. रेडिएटरच्या वरच्या पाइपवर दोन बोटं टेकवतो, हात पँटला पुसतो आणि निकाल देतो.

‘काका, थर्मोस्टॅट काढून टाकू. तिकडे बर्फ पडतो म्हणून लावतात. आपल्याकडे लागत नाही.’

थर्मोस्टॅट म्हणजे रेडिएटरच्या वाटेवरचा एक छोटासा दरवाजा. पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या पुढेमागे पोचलं की तो उघडतो, तोवर बंद राहून इंजिनाला कामापुरतं गरम होऊ देतो. म्हातारपणी हा दरवाजा कधी कधी बंदच अडकतो आणि गाडी उकळते, इथपर्यंत मिस्त्रीचं बरोबर. नवा दरवाजा ऑपेरा हाऊसच्या पार्टवाल्यांकडे मिळतो. पण मिस्त्रीच्या मते दरवाजा बिघडला तर भिंतच काढलेली बरी. काका खूश, काटा खाली. आठवडाभराने काका परत येतात. आता गाडी सकाळी गरमच होत नाही, पेट्रोल बेसुमार पिते, मिसिंग मारते आणि सिग्नलला उभी केली की बंद पडते. साहजिक आहे. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं, इंजिन अजून थंड आहे, म्हणून तो पेट्रोलचा मारा चालूच ठेवतो आणि प्लग काळे होतात. मिस्त्री प्लग बदलतो. मग थ्रॉटल साफ करतो. मग पाण्याचा सेन्सर बदलतो, तोही कोणत्या तरी दुसऱ्याच डॉक्टरांच्या गाडीतून निघालेला. शेवटी वैतागून रेडिएटरचा पंखा डायरेक्ट करतो, म्हणजे चावी फिरवली की पंखा सुरू, थंडी असो वा पाऊस. पुढे पंख्याची मोटर जळते आणि गाडी पुन्हा गरम व्हायला लागते. आधी गरम व्हायची आणि चालायची, आता गरम होते आणि बंदही पडते. प्रगतीचा हा आलेख मांडायला हल्ली वेगळं मंत्रालय लागत नाही.

एवढ्या सगळ्यात रेडिएटरचं झाकण उघडून आत काय आहे ते कोणी पाहिलेलं नसतं. आत कूलंटच्या जागी नळाचं पाणी असतं आणि त्या पाण्याने वर्षानुवर्षं इंजिनाच्या पोटात गंजाची शेती केलेली असते. तोच गंज रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. कूलंट महाग पडतं म्हणून वाचवलेले पैसे मग हेड गॅस्केटवर खर्च होतात. तेलाच्या झाकणाखाली फेटलेल्या कॉफीसारखा फेस दिसला की समजावं, पाणी आणि तेल यांचं आत लग्न लागलं. हेड उतरवा, फेसिंग मारा, गॅस्केट घाला, आणि तेवढ्यात ‘हाफ इंजिन करूनच टाकू या का?’ असा आपुलकीचा सल्ला येतो. या टप्प्यावर बरेच मालक अचानक डॉक्टर होतात आणि गाडी विकायला काढतात.

मिस्त्रीची थोडी बाजूही घेतली पाहिजे. पेट्रोल जाळून निघालेल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर काढावा लागतो आणि ते पाणी गार करायला रेडिएटरला वारा लागतो. एक्सप्रेसवेवर तो फुकट मिळतो. दादर-परळमध्ये वारा कुठला? शीवचा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाला, एल्फिन्स्टनचा सप्टेंबर २०२५ मध्ये, आणि त्यांच्या वाट्याची गर्दी उरल्यासुरल्या पुलांनी आपसात वाटून घेतली. टिळक पुलावर संध्याकाळी रेडिएटरला जो वारा लागतो तो पुढच्या गाडीच्या एसीने टाकलेला असतो. त्या गाडीलाही तिच्या पुढचीच्या एसीचा. अशी ही उष्णतेची पंगत कोतवाल उद्यानापासून बसत जाते, वाढपी कोणीच नाही, आणि जिचं वय झालंय ती आधी उठते. उठली की सगळे म्हणतात, जुन्या गाड्या रस्त्यावर आणूच कशाला देतात?

अशा वेळी एक उपाय खरोखर लागू पडतो. एसी बंद करायचा आणि हीटर पूर्ण सोडायचा. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे लपवलेला धाकटा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता तो आत ओढून घेतो आणि काटा मुकाट्याने खाली येतो. शास्त्र बिनचूक आहे. फक्त मे महिना असतो, दुपारचे तीन वाजलेले असतात, मागच्या सीटवर सासूबाई पैठणी नेसून माटुंग्याच्या लग्नाला निघालेल्या असतात आणि जावई त्यांना सांगत असतो, ‘आई, जरा काच खाली घ्या, हीटर लावतोय.’ त्या संसारात त्या दिवशी जे तापतं ते मोजायला अजून सेन्सर निघालेला नाही. दुसरा उपाय बाजूला जमलेले सांगतात: ‘झाकण उघडा, झाकण!’ ते कृपा करून ऐकू नका. ते झाकण पाण्याला दाबून धरतं, म्हणून ते शंभराच्या पुढेही उकळत नाही. उघडलंत की दाब सुटून सगळं एकदम उसळतं. झाकण उघडायला सांगणारा नेहमी दोन पावलं मागे उभा असतो, हे लक्षात घ्यावं.

आता सरकारकडे वळू, कारण तिकडेही इंजिनांची काळजी चालूच असते. दिल्लीने १ जुलै २०२५ पासून म्हाताऱ्या गाड्यांना पंपावर पेट्रोलच द्यायचं नाही असं ठरवलं. आठवडाभराच्या आत तो निर्णयच सिग्नलला बंद पडला. पाठोपाठ ऑगस्टमध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीचं शुल्क पाच हजारांवरून दहा हजार केलं. पाच हजारांत तापणारं इंजिन दहा हजारांत थंड राहतं, असा काहीतरी शोध लागलेला असणार. मिस्त्रीच्या ‘काढून टाकू’ आणि सरकारच्या ‘भरून टाका’ यांत फरक पावतीचा. मिस्त्री पावती देत नाही.

फेरनोंदणीच्या वेळी गाडीची तपासणीही होते. नंबर ताडून पाहतात, दिवे बघतात, ब्रेक बघतात. पीयूसीवाला धुरात नळी घालून कागद देतो. गाडी सकाळच्या गारव्यात आलेली असते, फार तर चार पावलं चालते. अर्धा तास एकाच जागी, एसी लावून, चार माणसं भरून तिला कोणी उभी करत नाही. आणि मुंबईत गाडीला आयुष्यभर नेमकं तेवढंच करायचं असतं.

म्हणून एक नम्र सूचना. ही तपासणी ताडदेवहून हलवून दादरला फुलबाजारात न्यावी आणि दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी घ्यावी. एका बाजूला झेंडूच्या पाट्या उतरताहेत, दुसऱ्या बाजूला आपट्याच्या जुड्यांवर घासाघीस चाललीये, हातगाडी आडवी आलीये, स्टेशनातून लोंढा सुटलाय. अशा जागी गाडी सुरू ठेवून उभी करावी. वयाचा दाखला मागू नये, कालची असो की २००३ ची. शेवटच्या पाटीतला झेंडू संपेपर्यंत जी आचका देणार नाही तिला पाच वर्षं बिनशुल्क पास करावं. जी उकळेल तिच्या मालकाला झाडूने मारू नये, फक्त काटा कुठे होता ते विचारावं आणि वहीत टिपून ठेवावं.

अट एकच. परीक्षक साहेबांनी, आयुक्तांनी आणि पुलांचं काम बघणाऱ्या इंजिनीअर मंडळींनी या दिवशी आपापल्या गाडीने यायचं आणि त्याच रांगेत उभं राहायचं. नव्या कोऱ्या गाड्यांचे पंखेही त्या संध्याकाळी घरघरायला लागतील असा अंदाज आहे. सोबत पाण्याची बाटली आणि जुना बनियन आणावा, परतीच्या टोचनची सोय ज्याची त्याने करावी.