कोबीव्रताची मीमांसा

एकपदार्थी आहार म्हणजे वजन उतरवण्यासाठी आठवडाभर एकाच पदार्थावर राहण्याचा खटाटोप. पदार्थ कोणता, हे त्या वर्षीच्या वाऱ्यावर ठरते, आणि म्हणून कधी कोबीचे सूप, कधी केळी, कधी उकडलेली अंडी, तर कधी पहाटेचा दुधीचा रस यांचे दिवस येतात. मराठी मुलखाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही, कारण केवळ ताकावर किंवा केवळ दुधावर ठरावीक दिवस काढण्याचे ‘कल्प’ येथे जुनेच आहेत. फरक असलाच तर एवढा, की कल्प वैद्याच्या देखरेखीखाली करावा असा संकेत होता आणि कोबीव्रत शेजारणीच्या देखरेखीखाली होते, जी अधिक कडक असते.

आंबिवलीत या व्रताची प्रेरणा आरशातून कमी आणि लोकलमधून अधिक मिळते. तिघांसाठी असलेल्या बाकावर चौथ्याने टेकायचे, ही मध्य रेल्वेवरील रूढी आहे. आणि टिटवाळ्याहून सकाळी सुटलेली गाडी आंबिवलीला येईपर्यंत तिन्ही जागा गेलेल्या असल्याने आंबिवलीकराच्या नशिबी बहुधा ही चौथी सीटच येते. परिणामी येथे वजनाचे व्यवहारातील एकक किलो नसून चौथी सीट हे आहे, आणि ‘जरा सरकता का?’ या प्रश्नापूर्वी समोरच्याने टाकलेला एक मोजमापी कटाक्ष कोणत्याही काट्यापेक्षा अचूक असतो. मग एके सोमवारी महिलांच्या डब्यात स्टीलच्या डब्याचे झाकण उघडते, मीठ-मिरपूड घातलेल्या उकडलेल्या कोबीची वाफ पसरते, आणि ज्या गर्दीत कल्याणपर्यंत हात हलवता येत नाही त्या गर्दीत व्रतस्थ बाईभोवती अचानक प्रशस्त जागा निर्माण होते. कोबीने जागा मिळते हे येथपर्यंत निर्विवाद सिद्ध होते. वजन उतरते काय, एवढेच पाहायचे उरते.

उतरते, आणि पहिल्या तीन-चार दिवसांत तर डोळे दिपतील असे उतरते. शरीर थोडी साखर ग्लायकोजेन या रूपात यकृतात व स्नायूंत साठवते, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवते. खाणे तुटले की हा साठा संपतो, पाणी निघून जाते आणि काट्यावर दीड-दोन किलोंचा चमत्कार दिसतो. चरबीचा हिशेब मात्र सावकारी आहे: एक किलो चरबी जाळायला साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते, आणि ती चार दिवसांत भरून देण्याची ताकद कोबीत नाही.

तरीही हा आहार नेटाने चालवला तर चरबीही घटते, पण त्याचे श्रेय पदार्थाच्या गुणाला नसून कंटाळ्याला आहे. बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले, की खात असलेल्या पदार्थाची गोडी खाता खाता कमी होते, न खाल्लेल्याची मात्र टिकून राहते. पोट तुडुंब भरल्यावरही बासुंदीला वाटी पुढे होते ती याच नियमाने. मराठी ताट, म्हणजे डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी-आमटी आणि मध्ये भाताची मूद, ही रचना कंटाळ्याविरुद्ध पिढ्यान् पिढ्या रचलेला कट आहे असे म्हणावे लागते. उलट सगळे ताट कोबीनेच भरले की माणूस भूक असूनही हात आखडतो. अमेरिकेत ख्रिस व्होइट यांनी २०१० मध्ये साठ दिवस रोज वीस बटाट्यांवर राहून सुमारे साडेनऊ किलो वजन घटवले. ते बटाटा उत्पादकांच्या मंडळाचे कार्यकारी संचालक होते, तेव्हा निष्ठेबद्दल शंका नको. त्याच वर्षी कॅन्ससमधील पोषणशास्त्राचे प्राध्यापक मार्क हॉब यांनी मुख्यतः क्रीम भरलेल्या केकवर, पण कॅलरी मोजून, दहा आठवड्यांत बारा किलो कमी केले. कोबीची बाजू मांडणारे या दुसऱ्या उदाहरणाचा उल्लेख सहसा टाळतात.

या मार्गाने जाणारे वजन चरबीचेच असते असेही नाही, कारण कोबीत प्रथिने जेमतेम असतात आणि शरीर ती कमतरता स्नायूंतून भागवते. दीर्घकाळ एकाच धान्यावर भिस्त ठेवली तर काय होते, हे दख्खनच्या पठाराला ठाऊक आहे: प्रामुख्याने ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत आढळलेल्या पेलाग्राचा, म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाच्या तुटीशी निगडित असलेल्या आणि उन्हात कातडी काळवंडून सोलवटणाऱ्या विकाराचा, अभ्यास सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६०च्या सुमारास केला. त्या लोकांना ज्वारी कोणी व्रत म्हणून सांगितलेली नव्हती. त्यांच्यापाशी दुसरे काही नव्हते.

आंबिवलीत मात्र दुसरे पुष्कळ असते, आणि तेथेच व्रताचा कस लागतो. संध्याकाळी गाडीतून उतरून घरी पोचेपर्यंत तळणाचा वास सोबत येतो, घरात मुलांच्या ताटातली अर्धी पोळी टाकवत नाही, आणि पुढचेच स्टेशन महागणपतीच्या टिटवाळ्याचे असल्याने संकष्टीला शेजारीण हटकून मोदक घेऊन येते, तीच शेजारीण, जी सोमवारपासून पहारा देत होती. अशा वेळी व्रतस्थ बाई कोबीचे पातेले बाजूला सारते, मोदक हातात घेते आणि प्रसाद हा पदार्थ नव्हे, सबब आहार एकपदार्थीच राहिला, असा निर्णय देते. शेजारीण त्याला तत्काळ अनुमोदन देते आणि, प्रसाद विषम संख्येत घ्यावा म्हणून, तिच्या हातावर आणखी दोन मोदक ठेवते.