पीसी विकू नको रे भाऊ

टॅबलेटवर पूर्ण फोटोशॉप आले, आता लॅपटॉपची गरज संपली, असे सांगणाऱ्यांनी लग्नसराईत एकदा जळगावच्या गोलाणी मार्केटात यावे. नाहीतर धुळ्याच्या आग्रा रोडवर एखाद्या स्टुडिओच्या आतल्या खोलीत तासभर बसावे. बाहेर काउंटरवर पासपोर्ट फोटो निघत असतात. आत एक पोरगा अल्बम लावत असतो. हळदीचे फोटो वेगळे, सप्तपदीचे वेगळे, मानपानाचे वेगळे. मामा कुठल्याच शीटवरून सुटता कामा नये आणि आजी जिथे असेल तिथे ठळक दिसली पाहिजे. बारा बाय छत्तीसची अशी शीटवर शीट त्याला रात्रीतून लॅबला पाठवायची असतात. लॅपटॉप फेका म्हणणाऱ्यांना हा पोरगा माहीतच नाही. त्याच्या वतीने कुणीतरी बोलायला हवे.

त्याचा फोटो कागदावर संपतो. सगळा फरक इथे आहे.

ज्याचा फोटो स्टेटसवर, रीलमध्ये नाहीतर इन्स्टाग्रामवर संपतो, त्याने खुशाल टॅबलेटवर काम करावे. त्याला लॅपटॉपची गरज कालही फारशी नव्हती. पण बारा बाय छत्तीस इंचांचे शीट 300 डीपीआयला घेतले की 10,800 गुणिले 3,600 पिक्सेल होतात. म्हणजे जवळजवळ 3 कोटी 89 लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरले तर फोटोने भरलेला एकच लेयर सुमारे 117 एमबीचा. अल्बमच्या एका पानात पार्श्वभूमी, चौकटी, सावल्या, पाचसात फोटो आणि वर अक्षरे असतात. लेयर मोजत बसायला कुणाला वेळ नसतो. त्याआधी निवडीचे काम. दोन कॅमेऱ्यांवर रॉमध्ये काढलेल्या एका लग्नाचे फोटो सहज 100 जीबीच्या पुढे जातात. 128 जीबीचा टॅबलेट एका लग्नात भरला. वर एसएसडी जोडा, हब जोडा, कीबोर्ड जोडा, स्टँड जोडा. एवढे सगळे जोडून झाल्यावर टेबलावर जे उभे राहते तो लॅपटॉपच असतो, फक्त महाग पडलेला.

रंगाचेही तसेच. आयपॅडचा पडदा सुंदर आहे, यात वाद नाही. पण त्यात खोलीतल्या उजेडाप्रमाणे पांढरा रंग बदलून दाखवणारी ट्रू टोन नावाची सोय असते. वाचायला ती चांगली, रंग ठरवायला घातक. ट्यूबलाइटखाली बरोबर वाटलेली हळद दुपारी दारातल्या उजेडात वेगळीच दिसते. उजेड पूर्ण वाढवून काम केले तर पडद्यावर गोरापान दिसणारा नवरदेव छापून आल्यावर काळवंडतो. टॅबलेट घेतलाच असेल तर ट्रू टोन बंद ठेवा, उजेड एका ठिकाणी कायम करा आणि पूर्ण अल्बम पाठवण्याआधी लॅबकडून एक टेस्ट प्रिंट मागवा. हे लॅपटॉपलाही लागू आहे. टॅबलेटवाला मात्र खोलीखोलीतून फिरत काम करतो, म्हणून त्याला जास्त.

आता अक्षरांकडे वळतो. इथे मला खरा राग आहे.

खान्देशातल्या डिझायनरचे निम्मे काम मराठी अक्षरांचे असते. अल्बमचे पहिले पान, पत्रिका, वाढदिवसाचा फ्लेक्स, दशक्रियेचा फ्लेक्स, दुकानाची पाटी. हे सगळे वर्षानुवर्षे श्री-लिपीसारख्या सॉफ्टवेअरवर आणि जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर चालले आहे. या फॉन्टमध्ये मराठी अक्षर मराठी म्हणून साठवलेले नसते, ते इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेले असते. फॉन्ट सापडला नाही की 'ज्ञानेश्वर'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल दिसतो. फोटोशॉपची 2002 साली आलेली 7.0 ही आवृत्ती आपल्या कितीतरी स्टुडिओंत अजून चालते. तिला युनिकोड देवनागरी धड जोडता येत नाही. जोडाक्षरे सुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. म्हणून जुने फॉन्ट टिकले, आणि जुने फॉन्ट टिकले म्हणून विंडोजचा पीसी टिकला. डिझायनरकडे गेल्या दहापंधरा वर्षांच्या पीएसडी फाइली असतात आणि त्या सगळ्या याच फॉन्टमध्ये. त्या फाइली हीच त्याची कमाई. गेल्या वर्षीची पत्रिका उघडायची, नावे बदलायची, तारीख बदलायची, की तासाभरात नवी पत्रिका तयार.

हा माणूस टॅबलेटवर गेला की त्याचे काय होते? फॉन्टची फाइल टॅबलेटवर चढवता येईल. 2019 पासून आयपॅडवर ती सोय आहे. पण त्या फॉन्टमध्ये मराठी टाइप करून देणारा जो कीबोर्डचा भाग आहे, तो विंडोजसाठी लिहिलेला. म्हणजे अक्षर आले आणि लेखणी मागे राहिली. कॅलिफोर्नियातल्या ॲपलला हे माहीत नसेल, समजू शकतो. पण टॅबलेट विकणाऱ्या आपल्या दुकानदाराला माहीत असते. विकताना तो हे सांगत नाही.

यावर उपाय आहे आणि तो डिझायनरच्या हातात आहे: युनिकोडवर या. आज चांगले युनिकोड देवनागरी फॉन्ट फुकट मिळतात. मुक्ता आणि बलू ही नावे लिहून ठेवा. नवीन काम त्यात सुरू करा, जुन्या फाइली हळूहळू बदला. मग यंत्र कुठलेही घ्या, मराठी तुमच्याबरोबर येईल. पण हे काम आधी करायचे असते, टॅबलेटचे हप्ते सुरू झाल्यावर नाही.

उन्हाबद्दलही थोडे. आयपॅड 0 ते 35 अंश तापमानात वापरावा, असे ॲपल स्वतः लिहून देते. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा 45 च्या घरात असतो आणि लग्नेही त्याच महिन्यात असतात. लॅपटॉपलाही ऊन सोसत नाही, पण त्यात बहुधा पंखा असतो आणि तो दुकानात कूलरजवळ बसतो. टॅबलेट विकतात ते मांडवात घेऊन जायला, आणि तापला की त्याचा पडदा अंधारतो.

बरे, ज्यांच्या शब्दावर आपण पीसी विकायचा, त्यांचा शब्द कसा आहे? फोटोशॉप बनवणाऱ्या अडोबीने 2011 साली टॅबलेटसाठी फोटोशॉप टच आणले. लोकांनी पैसे देऊन घेतले. 2015 च्या मे महिन्यात कंपनीने त्याची विक्री बंद केली. मग 2018 च्या ऑक्टोबरात जाहीर केले, की आता खरे फोटोशॉप आयपॅडवर येणार. ते 4 नोव्हेंबर 2019 ला आले, आणि त्यात उजेड-रंग सावरायचे कर्व्ह नव्हते! ज्याने लग्नाचा एक फोटो जरी दुरुस्त केला असेल त्याला कर्व्ह नसणे म्हणजे काय ते कळेल. ते यायला 2020 चा मे उजाडला, आणि कॅमेऱ्याची रॉ फाइल उघडायची सोय यायला 2021. दरम्यान, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या सेरिफ या छोट्या कंपनीने 2017 मध्येच ॲफिनिटी फोटो आयपॅडवर आणले होते. रॉ, लेयर, छपाईचा सीएमवायके, सगळ्यासकट. तेव्हा एकदा पैसे भरले की झाले. मोठ्या नावाच्या आधी छोट्याने काम करून दाखवले, हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही, कारण क्लासमध्ये एकच नाव शिकवले जाते.

आणि भाडे. 2013 पासून अडोबीने फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या विकणे सोडून फक्त भाड्याने देणे सुरू केले. महिन्याला पैसे. शहरातल्या एजन्सीला ते परवडते, तिला बाराही महिने काम असते. आपला फोटोवाला मुहूर्तावर जगतो. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत त्याच्याकडे लग्न नाही, आणि भाडे चालूच. वर्षाचा करार महिन्याच्या हप्त्यांनी घेतला आणि मध्येच सोडला तर दंड. हा दंड ग्राहकाला नीट सांगितला जात नाही, याच तक्रारीवर अमेरिकेच्या सरकारने 2024 च्या जूनमध्ये अडोबीवर खटला भरला. तिकडच्या सरकारला जाच वाटला, तो पारोळ्याच्या फोटोवाल्याला वाटू नये का?

मग पोरे क्रॅक वापरतात. ही चोरी आहे, तिला दुसरे नाव नाही. ज्या माणसाला आपला फोटो कुणी विचारल्याशिवाय उचलला की संताप येतो, त्याने दुसऱ्याचे सॉफ्टवेअर उचलू नये. गिंप हे फोटो दुरुस्तीचे सॉफ्टवेअर पहिल्यापासून फुकट आहे. ॲफिनिटी विकत घेणाऱ्या कॅनव्हाने 2025 च्या ऑक्टोबरात विंडोज आणि मॅकसाठी ते फुकट केले. बघा, पीसीवर चालणारे चांगले सॉफ्टवेअर आता फुकट आहे. जुना पीसी टिकवायला याहून चांगले कारण कुठले?

टॅबलेटची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. पेन्सिल.

फिल्मच्या काळात आपल्या स्टुडिओंत रिटचिंगचे डेस्क असायचे. तिरपी काच, खालून उजेड, वर निगेटिव्ह. टोकदार शिसपेन्सिलीने कारागीर चेहऱ्यावरचे देवीचे वण, सुरकुती, डाग हलक्या हाताने भरायचा. निगेटिव्हवर पेन्सिल लावली की प्रिंटमध्ये ती जागा उजळायची. किती लावायची आणि कुठे थांबायचे, याला नजर लागे. माउस आला आणि तो हात गेला. माउसने चेहरा दुरुस्त करताना मनगट अडते, म्हणून मग सगळा चेहराच एका क्लिकमध्ये गुळगुळीत करायची सवय लागली. नवरी वीस वर्षांची असो की तीसची, कातडी मेणाची. टॅबलेटवरच्या पेन्सिलीने दाब कमीजास्त करता येतो, एक एक डाग हाताने काढता येतो. ते जुने डेस्क परत आल्यासारखेच आहे, आणि ते परत यावे असे मला फार वाटते.

पण त्यासाठीही पीसी विकावा लागत नाही. पीसीला जोडायचे पेन टॅबलेट काही हजारांत मिळते. वेकॉम, हुइऑन, एक्सपी-पेन, जे परवडेल ते. दाब तसाच, पेन तसेच. फक्त नजर पडद्याकडे आणि हात टेबलावर, ही सवय व्हायला थोडे दिवस जातात. दुकानदार हे सुचवत नाही, कारण काही हजारांच्या वस्तूवर त्याला सुटते ते किती?

यंत्रापेक्षा नजर मोठी, हे सांगताना चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांचे नाव घ्यायलाच हवे. 1912 साली जन्मलेला आणि 1989 साली गेलेला हा माणूस आयुष्यातली जवळपास पन्नास वर्षे चाळीसगावच्या रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घराबाहेर क्वचितच पडला. टेबलावर छोट्या वस्तू मांडून, उजेड हवा तसा वळवून तो अशी दृश्ये उभी करायचा, की बघणाऱ्याला ती खरीच वाटावीत. आपल्याकडे त्याची प्रेमकथा रंगवून सांगतात आणि त्याचे काम बघायला जात नाहीत, याचे मला वाईट वाटते. त्याचे घर आज कलादालन आहे. चाळीसगाव जंक्शनला उतरून चालत जाता येते. जळगाव-धुळ्यात फोटोग्राफीचा क्लास चालवणाऱ्या प्रत्येकाने आपली पोरे एकदा तिथे न्यावीत. टॅबलेट घेण्याआधी न्यावीत. उजेडाकडे कसे बघायचे, हे तिथे भिंतीवर टांगलेले आहे.

आजचे टॅबलेट कमजोर आहेत, असे मी म्हणत नाही. 2021 पासूनच्या आयपॅड प्रोमध्ये मॅकला लावतात तीच चिप आहे. ताकदीत तो आपल्या आतल्या खोलीतल्या पीसीला मागे टाकेल. लग्नात जागेवरच दहा फोटो निवडून घरच्यांना दाखवायला, रात्रीच्या रात्री दोनचार फोटो पाठवायला, चेहऱ्याचे बारीक काम करायला तो उत्तम. जोडीला ठेवण्याचे यंत्र म्हणून मी त्याच्या बाजूने आहे.

पण बँकेचा हप्ता डोक्यावर घेऊन, पीसी विकून, दिवाळीच्या तोंडावर टॅबलेट घेऊ पाहणाऱ्या अमळनेरच्या, शिरपूरच्या, साक्रीच्या पोराला माझे कळकळीचे सांगणे आहे. आधी फाइली युनिकोडवर आण. पीसीत रॅम वाढव आणि एसएसडी टाक. पेन टॅबलेट घे. लॅबकडून टेस्ट प्रिंट मागव. एवढे करून एक लग्नसराई पार पडू दे, आणि हातात पैसे उरले तर टॅबलेट रोखीने घे. पीसी त्या दिवशीही विकू नको.